मामा, ते भंगारात द्या!

ताई, नमस्कार.

मी रेल्वेतून निवृत्त, मुक्काम पोस्ट दौंड. निवृत्तीच्या पैशातून निकॉन डी७५०० आणि २००-५०० ची लेन्स घेतली. थंडी पडली की आठवड्यातून दोनदा भिगवण ठरलेलं. रोहित, पट्टकदंब, कुरव, जो पक्षी दिसेल तो. एका सकाळी हजार-बाराशे फोटो सहज होतात.

खरी कसरत घरी आल्यावर. कॉम्प्युटर २०१४ चा, मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी असेंबल करून घेतलेला. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, ग्राफिक कार्ड नाही, विंडोज १०. मॉनिटर साडेअठरा इंची, तोही तेव्हाचाच. फोटो एडिट करायचं लाइटरूम उघडायला चार मिनिटं लागतात. एका फोटोवरून दुसऱ्यावर गेलो की आधी धूसर दिसतो, मग चार-पाच सेकंदांनी डोळे उघडतो. आणि फोटोतले दाणे काढणारं ते एआयवालं डिनॉइज एका फोटोला २२ मिनिटं घेतं, मी घड्याळ लावून बघितलं.

दुकानदार म्हणतो रॅम वाढवा, ग्राफिक कार्ड टाका, २८ हजारांत काम होईल. भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, "मामा, ते भंगारात द्या, दीड लाखात एक नंबर मशिन बांधून देतो." आमच्या सौ. म्हणतात, कॅमेऱ्यात गेले तेवढे पुरे झाले. कुणाचं ऐकू? जाता जाता, लॅबमधून प्रिंट काळपट येतात, दोन लॅब बदलून झाल्या. त्याचा याच्याशी संबंध नसेल, पण लिहून टाकलं.

— एक पक्षीवेडा, दौंड

*

काका, नमस्कार.

तिघांत त्यातल्या त्यात बरोबर काकू आहेत. भाचा घाईत आहे आणि दुकानदाराकडे बहुतेक एखादं कार्ड पडून आहे. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटली, तर "१ टीबी हार्डडिस्क" या शब्दांची. ती २०१४ पासून फिरतेय. तुमचे सगळे फोटो तिच्यावरच आहेत आणि दुसरीकडे कुठे प्रत ठेवल्याचा पत्रात उल्लेख नाही. असेल तर मला माफ करा. नसेल तर बाकीचं पत्र नंतर वाचा, आधी एक बाहेरून लावायची २ टीबीची हार्डडिस्क आणा आणि सगळं तिच्यावर उतरवा. प्रत झाली की ती कपाटात ठेवायची, कॉम्प्युटरला लटकवून ठेवायची नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर टाकून जुन्या डिस्कची तब्येत बघा. निळा 'गुड' आला तर ठीक. पिवळा 'कॉशन' आला तर त्या डिस्कवर नवीन काही ठेवायचं नाही.

आता वेगाचं बघू.

काहीही विकत घेण्याआधी एक सकाळ कॉम्प्युटरच्या नाडीवर बोट ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला लाइटरूम ठेवून भिगवणचे पन्नास फोटो एकामागून एक पुढे सरकवा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे तीन आकडे बघायचे. मला जवळजवळ खात्री आहे की डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली असेल, मेमरी नव्वदच्या आसपास आणि सीपीयू मात्र वीस-तीस टक्क्यांवर निवांत. म्हणजे प्रोसेसर बिचारा हात धुऊन पंगतीत बसलाय, वाढपीच येत नाही.

हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक सुई इकडून तिकडे धावते. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद. सुईनं जागा शोधायची, तबकडीचा तो भाग फिरून खाली यायची वाट बघायची, मग वाचायचं. लहान लहान तुकडे विखुरलेले असले की सेकंदाला जेमतेम शंभरेक तुकडे हाती लागतात. आणि लाइटरूमचं सगळं कामच तुकड्यांचं: कॅटलॉग (फोटोंची नोंदवही), हजारो छोट्या प्रीव्ह्यू फाइली, विंडोजची स्वतःची लुडबूड. त्यात रॅम ८ जीबीच असल्यामुळे ती भरली की विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर नेऊन ठेवतं. म्हणजे रॅम कमी पडते आणि मार डिस्क खाते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, तिथे हेच तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचले जातात. म्हणून जुन्या मशिनला एसएसडी लावली की माणसं "नवीन घेतला का?" असं विचारतात.

तेव्हा पहिली वस्तू एसएसडी, ५०० जीबीची, जमल्यास १ टीबीची. साटा प्रकारची, म्हणजे हार्डडिस्कसारखी वायरीनं जोडायची, अडीच इंची घ्या. दुकानदार "एनव्हीएमई घ्या, पाचपट फास्ट" म्हणेल. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी एसएसडी, फास्ट असते हे खरं, पण तुमच्या बोर्डावर बहुतेक तिला बसायला जागाच नसेल. एच८१ च्या बोर्डावर साटाची दोन तोंडं जलद असतात आणि दोन निम्म्या वेगाची, तेव्हा बसवणाऱ्याला जलद तोंडात लावायला सांगा. बोर्डावर बारीक अक्षरांत साटा ६जी किंवा तसंच काहीतरी लिहिलेलं असतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड एएचसीआय आहे ना, तेही बघून घ्या. काही जुन्या मशिनवर तो आयडीई या जुन्या मोडवर राहिलेला सापडतो आणि एसएसडीचा अर्धा जीव तिथेच जातो. आयडीई दिसला तर तो विंडोज नव्यानं टाकायच्या आधी बदलायचा, नंतर बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं उचलून आणण्यापेक्षा नवा फॉरमॅट मारून विंडोज टाकलेलं बरं. अकरा-बारा वर्षांत मुलानं काय काय भरून ठेवलं असेल ते त्याचं त्यालाही आठवणार नाही.

एसएसडीवर विंडोज, लाइटरूम, त्याचा कॅटलॉग आणि चालू महिन्याचे फोटो ठेवा. जुने महिने मोठ्या डिस्कवर. लाइटरूमच्या सेटिंगमध्ये 'परफॉर्मन्स' खाली कॅमेरा रॉ कॅशची, म्हणजे उघडलेल्या फोटोंच्या तात्पुरत्या साठ्याची, मर्यादा असते, ती आपोआप ५ जीबी असते. ती २० करा आणि तिची जागा एसएसडीवर आहे याची खात्री करा.

दुसरी वस्तू रॅम, पण इथे जरा थांबा. जुन्या कॉम्प्युटरवर खर्च करताना मी एकच चाळणी लावते: आज घेतलेली वस्तू उद्याच्या कॉम्प्युटरला लागणार आहे का? एसएसडी लागेल, दुसरी डिस्क म्हणून. बाहेरची हार्डडिस्क लागेल. तुमची रॅम डीडीआर३ जातीची, ती पुढच्या कुठल्याच मशिनला बसणार नाही. म्हणून ती नवी कोरी घ्यायची नाही, जुनी घ्यायची. पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या डीडीआर३ च्या पट्ट्या डब्यात पडलेल्या असतात. तुमच्या बोर्डावर रॅमचे दोनच खाचे आहेत आणि तो १६ च्या वर घेतच नाही. म्हणजे सध्या चार-चारच्या दोन पट्ट्या असतील तर दोन्ही काढून आठ-आठच्या घालायच्या, आणि आठची एकच असेल तर दुसरी आठची. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती घेऊन येऊ नका. भाच्याला पाठवलंत तर हे त्याला चिठ्ठीवर लिहून द्या, आयटीतली माणसंही यात फसतात. घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. सकाळी एकही चूक दिसली तर पट्टी परत. दुकानदाराशी तसं आधीच बोलून ठेवायचं.

आणि हो, पेटी उघडलीच आहे तर गच्चीवर नेऊन ब्लोअर मारा. पंखा बोटानं धरून ठेवायचा, गरगरू द्यायचा नाही. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असेल, ती बदलायला पाच मिनिटं लागतात. तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.

आता हजार-बाराशे फोटोंबद्दल. रागावू नका, पण हा अर्धा प्रश्न कॉम्प्युटरचा नाही. तुमचा कॅमेरा सेकंदाला ८ फोटो काढतो. बाराशे फोटो म्हणजे प्रत्यक्षात अडीच मिनिटं बटण दाबून धरलेलं. रोहितांचा थवा उडाला की कोण बोट उचलेल, हे मलाही कळतं. पण एक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, फाइल साधारण २५ एमबी धरली तर त्या अडीच मिनिटांची ३० जीबी होतात, आणि ती सगळी तुम्ही लाइटरूमच्या घशात घालता. मग ते प्रत्येक फाइल उघडतं, रंग शिजवतं, प्रीव्ह्यू बनवतं, तेही पुढच्या तासाभरात तुम्ही डिलीट करणार असलेल्या अकराशे पन्नास फोटोंचं.

याला सोपा उपाय आहे. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं स्वतः बनवलेला एक जेपेग असतो, तोच तुम्हाला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो. फास्टस्टोन किंवा इरफानव्ह्यू अशी घरगुती वापरासाठी फुकट असलेली सॉफ्टवेअर तो जेपेगच दाखवतात, त्यामुळे फोटो झपाझप पुढे सरकतात. निवड तिथे करा. डोळा तीक्ष्ण नाही, पंख कापला गेलाय, पाठ दिसतेय, असे सगळे तिथेच उडवा. उरलेले पन्नास-साठ फक्त लाइटरूममध्ये घ्या. घेताना 'बिल्ड स्मार्ट प्रीव्ह्यूज'वर टिक करा आणि सेटिंगमध्ये मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यूवर एडिट करायचं निवडा. ती लांब बाजूला २५६० पिक्सेलची छोटी प्रत असते, जुना प्रोसेसर तिला सहज पेलतो. फोटो बाहेर काढताना मूळ फाइलच वापरली जाते, त्यामुळे दर्जाला धक्का लागत नाही.

कार्डावरून फोटो उतरवताना कार्ड रीडर पेटीच्या मागच्या निळ्या यूएसबीला लावा. पुढची तोंडं बहुतेक यूएसबी २ ची असतील, तिथे ३० जीबीला पंधरा मिनिटं लागतात. मागच्या निळ्याला चांगलं कार्ड आणि चांगला रीडर असेल तर पाच-सहा.

आता तुमची २२ मिनिटं. एवढी एकच गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे तुमची पेटी खरोखर हरते. एसएसडी आणि रॅम टाकूनही तिथे फारसा फरक पडणार नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल. लाइटरूममधलं एआय डिनॉइज २०२३ मध्ये आलं. ते फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यावर एवढी गणितं करतं की ती ग्राफिक कार्डानंच करावीत अशी त्याची अपेक्षा आहे. कार्डाला ८ जीबी मेमरी असावी अशी लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीची शिफारस आहे. तुमच्याकडे प्रोसेसरच्या पोटातलं छोटं ग्राफिक आहे, ते या कामाचं नाही.

पण हिशोब करून बघू. पहाटेच्या अंधारात, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे काढलेल्या आणि खरोखर ठेवण्यालायक असलेल्या फोटोंचीच डिनॉइजला गरज असते. एका फेरीत असे किती? मी आठ धरते, मनानं उदार होऊन. आठ फोटो गुणिले २२ मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या आत. आठही एकदम निवडून डिनॉइज लावता येतं. रात्री जेवण झाल्यावर लावायचं आणि झोपायचं. कॉम्प्युटर रात्री तसाही रिकामा असतो. फक्त यूपीएसची बॅटरी जिवंत आहे ना ते बघा, वीज गेली तर काम अर्धवट राहील. आणि ज्यांना एवढाही धीर नाही त्यांच्यासाठी डार्कटेबल हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर आहे. तेही फुकट. त्यातलं साधं डिनॉइज कॅमेऱ्याच्या प्रत्येक आयएसओची नोंद ठेवून चालतं, त्याला एआय लागत नाही. लाइटरूमइतकं जादुई नाही, पण पिसांवरची रेघ राखतं. निकॉनचं एनएक्स स्टुडिओही फुकट आहे, रंग कॅमेऱ्यात दिसतात तसेच हवे असतील तर ते टाकून बघा.

दुकानदाराच्या २८ हजारांना माझा विरोध आहे तो इथे. त्यानं कार्डाचं नाव सांगितलं नाही, किंवा तुम्ही लिहिलं नाही. जीटी ७३० सारखं कार्ड असेल तर ते तुमच्या कॉम्प्युटरच्याच वयाचं आहे. डबा नवा असला तरी आतलं तंत्र तेव्हाचं, आणि डिनॉइजला त्याचा उपयोग शून्य. "४ जीबीचं ग्राफिक कार्ड" एवढंच सांगून जे विकतात त्यांच्यापासून लांब राहा. जीबी म्हणजे फक्त हंड्याचं माप झालं, खाली शेगडी कसली आहे ते विचारायचं.

माझीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मीसुद्धा एका म्हाताऱ्या पेटीत जोरदार कार्ड घातलं होतं. पेटीसोबत आलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॉट असं स्टिकर होतं. स्टिकरच होतं. तिसऱ्या आठवड्यात फट् असा आवाज, जळकट वास, आणि एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. कार्ड वाचलं. मग त्या कार्डासाठी नवीन बोर्ड, नवीन प्रोसेसर, नवीन रॅम असं करत मी घोड्याच्या नालेसाठी घोडा घेतला.

तरीही तुम्हाला कार्ड घ्यायचंच असेल, रात्रीचा उपाय पसंत नसेल, तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती बघा. ती ७० वॉटमध्ये चालते आणि एसएमपीएसमधून वेगळी वायर मागत नाही, बोर्डावरच्या खाचातूनच वीज घेते. २२ मिनिटांचं काम मिनिटाच्या आसपास येईल. चाळणीतूनही ती पार होते, पुढच्या मशिनमध्ये सोबत नेता येईल. पण जुन्या बोर्डाचं बायोस नव्या कार्डाला ओळखेलच असं नाही, म्हणून पेटी दुकानात नेऊन, लावून, चालू करून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. माझं मत विचाराल तर या हंगामात नको.

कारण त्याआधी मला तुमचे काळपट प्रिंट दिसताहेत. "याच्याशी संबंध नसेल" असं तुम्ही लिहिलंत. अहो, सगळ्यात जवळचा संबंध तोच आहे! लॅबवाल्यांची काही चूक नसणार.

कारखान्यातून मॉनिटर येतो तो दुकानात उठून दिसावा म्हणून डोळे दिपवणाऱ्या उजेडावर ठेवलेला. घरी आल्यावर तो कुणी कमी करत नाही. पडदा प्रखर, म्हणून फोटो तुम्हाला जास्त उजळ वाटतो, म्हणून तुम्ही स्लायडर खाली ओढता. पडद्यावर छान दिसतो. कागदाला मात्र मागून दिवा नसतो. तिथे तुम्ही ओढलेला सगळा अंधार उतरतो. त्यात तुमचा पडदा बहुधा टीएन जातीचा असेल. खुर्चीत सरळ बसून एक रंग, जरा वाकून बघितलं की दुसरा. चित्रबलाकाच्या पिसांवरचा गुलाबी नेमका केवढा, हे अशा पडद्यावर ठरवायचं म्हणजे चालत्या गाडीतून पाटी वाचण्यासारखं. रेल्वेच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आज फुकटात करता येईल ते करा. टेबलावर पडद्याशेजारी एक कोरा पांढरा कागद उभा करा, संध्याकाळी नेहमीच्या दिव्यात. पडद्यावर रिकामं पांढरं पान उघडा आणि मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करत करत दोन्ही सारखे उजळ दिसतील तिथे आणून थांबवा. पहिले दोन दिवस पडदा मेलेला वाटेल. मग सवय होते. त्या पडद्यावर एक जुनाच फोटो पुन्हा एडिट करा, एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत जेपेग काढा आणि पहिल्याच लॅबला एक प्रिंट पाठवा. बाहेर काढताना अडोबी आरजीबी निवडलेलं असेल तर तेही बदला, बऱ्याच लॅबकडे त्या फाइली मलूल होऊन छापल्या जातात.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर एसएसडीनंतरचा पैसा मॉनिटरवर. २४ इंची, आयपीएस पॅनल (तिरकं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं), फुल एचडी, खोक्यावर '९९ टक्के एसआरजीबी' किंवा तसा उल्लेख असलेला. गेमिंगवाला नको, १४४ हर्ट्झ नको, पट्टकदंब तेवढ्या वेगानं उडत नाही. तुमच्या आजच्या पडद्याचं रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असणार, म्हणजे १० लाख ठिपके. तुमचा फोटो २ कोटी ९ लाखांचा. पूर्ण आकारात बघताना तुम्ही एका वेळी फोटोचा विसावा भाग बघता! फुल एचडीवर तो दुप्पट दिसेल. घेण्याआधी पेटीच्या मागे बघा: एचडीएमआय किंवा डीव्हीआय यातलं एक तोंड असायला हवं. फक्त जुनं निळं व्हीजीए असेल तर चालेल, पण अक्षरं जराशी फुटकी दिसतात. हा मॉनिटर पुढची आठ-दहा वर्षं तुमच्याबरोबर राहील, पेटी कितीही बदला.

भाच्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाहीये. त्याच्या म्हणण्यात एक खरं आहे आणि ते विंडोजचं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत, त्यासाठी सेटिंगमध्ये नोंदणी करावी लागते. केली नसेल तर करून टाका, भाच्याला पाच मिनिटांचं काम आहे. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. इंटेलमध्ये त्यांची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, तुमचा चौथीतला. कुणी म्हणेल जुगाड करून ११ टाकून देतो. तसं होतं, पण उद्याचा एखादा अपडेट त्याला नाकारेल की काय या धाकधुकीत मी तुम्हाला ठेवणार नाही. पेन्शनचं खातं, नेटबँकिंग हे तोपर्यंत मोबाइलवर न्या आणि ही पेटी फक्त फोटोंना ठेवा.

म्हणजे या पेटीचा तुमच्याकडचा हा शेवटून पहिला किंवा दुसरा हंगाम. नवीन मशिन येणारच आहे, फक्त आज नको. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, एआयवाल्या डेटा सेंटरांनी कारखाने अडवलेत, आणि अशा भावात ३२ जीबी घेणं माझ्या जिवावर येतं. थांबल्यानं ते उतरतीलच असं नाही. पण एक हंगाम जुन्यावर काढला तर तुम्हाला खरंच काय लागतं ते तरी कळेल. रात्रीचं डिनॉइज पुरतंय असं लक्षात आलं तर दीड लाखाचं मशिन कशाला?

जेव्हा घ्याल तेव्हासाठी दोन-तीन गोष्टी. भाच्याला सांगा की पैशाचा मोठा वाटा कार्डाला, ८ जीबीच्या आरटीएक्सला, द्यायचा, मग ३२ जीबी रॅमला, आणि प्रोसेसर मधला चालेल. रंगीत दिवे लावलेल्या पंख्यांचे पैसे वजा करायला लावा. नावाजलेला एसएमपीएस घ्यायला लावा, माझी गोष्ट ऐकवून. दुसरा पर्याय तो ऐकताच नाक मुरडेल, पण लिहिते: अॅपलचा एम४ चिपवाला मॅक मिनी. २०२४ मध्ये आला तेव्हा १६ जीबीच्या साध्या मॉडेलची किंमत ५९,९०० होती. डिनॉइजला तो वेगळं कार्ड न लावता पुरतो, वीज नगण्य खातो, आवाज करत नाही. लाइटरूमची वर्गणी दोन्हीकडे चालते. दुखणं एवढंच की त्यात जागा २५६ जीबीच, फोटो बाहेरच्या एसएसडीवर ठेवावे लागतात, आणि या वयात नवीन कीबोर्डशी जुळवून घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कंपन्यांनी काढून टाकलेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, तिकडे मन गेलं तर आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका आणि चपटी पेटीही नको. तिच्यात मोठं कार्ड मावत नाही आणि एसएमपीएस त्याच कंपनीचा लागतो.

आता क्रम सांगते, कारण पत्र लांबलं. या आठवड्यात बाहेरची डिस्क आणि कागद लावून ब्राइटनेस. पुढच्या आठवड्यात एसएसडी, जुनी रॅम मिळाली तर तीही. मॉनिटर संक्रांतीनंतर, काकूंची परवानगी काढून. परवानगीसाठी एक उपाय सुचवू? नवीन प्रिंट उजळ आला की तो आधी काकूंच्या हातात द्या, मग विषय काढा.

टास्क मॅनेजरचे आकडे मात्र मला कळवा. पडद्याचा मोबाइलनं फोटो काढून पाठवलात तरी चालेल. डिस्क शंभरवर नसेल आणि सीपीयूच शंभरवर अडकलेला दिसला, तर माझा अंदाज चुकला असं समजून एसएसडी घ्यायच्या आधी थांबा, आपण पुन्हा बोलू.